हात न लावता

मी पोलीस चौकीत नोकरी करत होते हे माझ्या शिवणाच्या वर्गाला येणाऱ्या मुलींना कुठून तरी कळलं आणि तेव्हापासून त्यांचं टाक्यांवर लक्ष नाही. डोंबिवलीत बातमी पसरायला टपालखात्याची गरज पडत नाही. आता मुलींच्या आया, मावश्या, कधी कधी वडीलसुद्धा काही ना काही निमित्ताने येतात आणि जाता जाता विचारतात, "चौकीत खरंच मारतात का हो?" मी सांगते, "आमच्या चौकीत नव्हते मारत." तसे चेहरे पडतात. एवढ्या लांब चालत आलेल्या माणसाची मी निराशा केली, असं मलाच वाटू लागतं.

पण "नव्हते मारत" हे उत्तर खरं असलं तरी पुरं नाही. पुरं सांगायला जागा लागते, ती या अंकाच्या संपादकांनी दिली आहे.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. आरोपी बाई असली की तिची झडती पुरुषाने घ्यायची नाही, असा कायदा आहे. म्हणून चौकीला एक बाई लागते. तिला मेट्रन म्हणत. झडती घ्यायची, आरोपी बाई कोठडीत असेपर्यंत तिच्यावर नजर ठेवायची, तिला मागच्या दारी घेऊन जायचं आणि कोर्टात तिच्यामागे उभं राहायचं. आमच्या घरी यजमान दम्याने अंथरुणाला खिळले, माझं शिक्षण सातवीपर्यंतचं आणि चौकी नौपाड्यातल्या आमच्या तेव्हाच्या बिऱ्हाडापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तेव्हा स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती. नातेवाईक म्हणाले, "चौकीत बाईमाणसाने जायचं?" मी म्हटलं, "बाईमाणूसच हवंय त्यांना." विषय संपला.

दारूबंदी आली आणि माझ्या कामाला बरकत आली. खाडीकाठची हातभट्टी सायकलच्या ट्यूबमध्ये भरून, ती ट्यूब पोटाला गुंडाळून बायका शहरात आणायच्या. दिवा गावाकडची एक बाई तर बारा महिने सातव्या महिन्यातच असायची. पुढे पुढे ती इतकी सरावली की चौकीत आली की आपणच पडद्यामागे जाऊन ट्यूब सोडायची आणि माझ्या हातात देऊन म्हणायची, "घ्या बाई, जपून धरा, लेकरू सांडेल." मी तिला एकदा विचारलं, "पकडली जातेस हे ठाऊक असून कशाला आणतेस?" ती म्हणाली, "तुमी दर वेळी थोडंच पकडता?" हिशोब बरोबर होता.

आमचे फौजदार कारखानीस. उंच, नीटनेटके, कडक इस्त्रीचे, संध्याकाळी वाचनालयात जाऊन वर्तमानपत्रं चाळणारे. त्यांचा एक अभिमान होता आणि तो ते कुणालाही ऐकवत. "माझ्या चौकीत आरोपीला हात लागत नाही." यात तसूभर खोटं नव्हतं. मोरे हवालदारांचा हात एकदा उगारला गेला होता, तर साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं होतं. मोरे मला म्हणाले, "बाई, आता आमचे हात नुसते सलाम ठोकायला उरले."

हात लागत नसे, मग कबुली कशी मिळत असे? तर आरोपीला उभं करत. भिंतीपासून हातभर पुढे, टेकायचं नाही, बसायचं नाही. दारात शिपाई पाळीपाळीने. डोळा लागला की त्याने टेबलावर रूळ आपटायचा, आरोपीवर नाही, टेबलावर. मध्येच मोऱ्यांच्या घरून आलेला खारट सुका बोंबील खायला द्यायचा आणि पाण्याचं नंतर बघू म्हणायचं. साहेब म्हणत, "इंग्रजांच्या वेळी बर्फाच्या लादीवर झोपवत असत. आपण काय करतो? उभं करतो. शाळेत मास्तर करत नाहीत का? छळ म्हणजे ज्याची खूण राहते तो. माझ्या आरोपीला कुठल्याही डॉक्टरने तपासावं."

आणि खरंच, डॉक्टरला काही सापडलं नसतं.

एवढा खटाटोप कशासाठी, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण आरोपीने "माल अमक्या जागी आहे" म्हणावं आणि तिथे तो मिळावा, तर ते चालतं. म्हणून चौकीत "चोरी केलीस का?" यापेक्षा "कुठे ठेवलंस?" हा प्रश्न जास्त वेळा विचारतात.

आता चांगुणाची गोष्ट.

चांगुणा कोलशेतकडच्या मिठागरावर काम करणारी. मोसमात सकाळी मिठागरावर राबायची आणि अधूनमधून डोक्यावर पाटी घेऊन नौपाड्यात घरोघरी मीठ विकायला यायची. लोणच्याच्या दिवसांत तिला भलती मागणी. आमच्या आळीपलीकडे एक वकील राहत. त्यांच्या घरी ती मीठ घालून गेली आणि संध्याकाळी वकिलीणबाईंच्या सोन्याच्या पाटल्या सापडेनात. घरात दिवसभरात परकं माणूस आलं ते एकच. वकीलसाहेब स्वतः चौकीत आले, कारखानीसांनी त्यांना खुर्ची दिली आणि दुसऱ्या दिवशी चांगुणाला आणलं.

मी तिची झडती घेतली. कनवटीला तंबाखूची पुडी, आणि अंगभर मिठाचा वास. दुसरं काही नाही.

"माना कनाला आणलंय, बाय?" तिने मला कारण विचारलं.

"पाटल्या गेल्यात वकिलांच्या घरच्या."

"मंग मी काय करू? माज्या का गेल्यात?"

कोर्टाने तिला काही दिवस पोलीस कोठडीत ठेवायची परवानगी दिली आणि साहेबांनी तिला भिंतीपासून हातभर पुढे उभी केली. ती उभी राहिली. दुपार झाली, उभीच. शिपाई बदलले, उभीच. संध्याकाळी साहेब वाचनालयातून परत आले तेव्हा ती उभी राहून शिपायाला त्याच्या गावची माणसं विचारत होती.

"बघितलंत?" साहेब मला म्हणाले. "हिचा धंदाच उभं राहण्याचा. हिला कसला छळ?"

मी म्हटलं, "साहेब, बाईमाणूस आहे, घटकाभर बसू द्या."

"मेट्रनबाई, झडती तुम्ही घ्या. चौकशी मी करतो."

रात्रभर रूळ टेबलावर आपटत होता. मी पलीकडच्या खोलीत होते, मलाही झोप नव्हती, पण मी निदान आडवी होते. बोंबील तिने चवीने खाल्ला आणि वर मोऱ्यांना, "तुमच्या घरवालीना सांगा, आंबट जास्त टाकाला पायजे" असा सल्ला दिला. पाणी तिला मिळालं. आरोपी बाईला मागच्या दारी न्यावं लागतं, तिथे तांब्या लागतो, आणि तांब्यातलं पाणी कुणी पितं का हे तपासायला पुरुष शिपाई येऊ शकत नाही. कायद्याचा एवढा फायदा मी प्रत्येकीला करून दिला.

पण झोप मला तांब्यातून देता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाचं बोलणं थांबलं. पाय सुजून खांबासारखे झाले. ती समोर बघायची पण कुणाकडे बघत नव्हती. एकदा मलाच "आये" म्हणाली. मी तिच्यापेक्षा जेमतेम दोनचार वर्षांनी मोठी असेन.

साहेबांनी विचारलं, "कुठे ठेवल्यास?"

"मिठात," ती म्हणाली.

"कुठल्या मिठात?"

"आमच्या आगरावं. राशीत."

साहेबांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. लगोलग टांगे मागवले, दोन पंच घेतले, आणि आम्ही कोलशेतच्या वाटेला लागलो. टांगा हलला मात्र, चांगुणाचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. ती जी झोपली ती मिठागराचा बांध येईपर्यंत. शिपाई रूळ आपटायला बघत होता, पण टांग्यात टेबल नव्हतं.

मिठागर ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. खाडीचं पाणी उथळ वाफ्यांत कोंडायचं, उन्हाने ते आटवायचं, मग मीठ ओढून बांधावर माणसापेक्षा उंच राशी लावायच्या. त्या मोसमाअखेर इतक्या राशी होत्या की बांधावर पांढऱ्या गावासारखं दिसत होतं. चांगुणाने डोळे अर्धवट उघडले, एका राशीकडे बोट दाखवलं, आणि शेजारच्या राशीच्या सावलीत बसून पुन्हा झोपली. मी तिच्याजवळ छत्री धरून बसले. मला दुसरं काम असं काही नव्हतंच.

शिपायांनी रास फोडायला घेतली. मिठागराचा मुकादम डोक्याला हात लावून बसला. सरकारी बूट खराब होऊ नयेत म्हणून सगळ्यांनी ते काढून ठेवले होते. साहेबांनीही. दुपारचं ऊन, खाली ओलं खारं, आणि त्यात उघडे पाय. कामावरच्या बायका फावडी टेकून तमाशा बघायला जमल्या.

रास तळापर्यंत पालथी झाली. काही नाही. साहेबांनी चांगुणाला हलवायला सांगितलं.

"इथे नाहीत पाटल्या."

"नाय?" तिने जांभई दिली. "मंग ती पल्याडची असंल." आणि डोळे मिटले.

पल्याडची झाली. मग तिच्या पल्याडची. दर वेळी ती नवी रास दाखवायची आणि रास फुटेपर्यंत घोरायची. तिसऱ्या राशीला माझ्या लक्षात आलं की ही पाटल्यांची जागा सांगत नाही, ही झोप विकत घेते आहे. एक रास, एक डुलकी. मी गप्प बसले. मी झडतीची बाई, चौकशी साहेबांची.

साहेब हातांची घडी घालून एका जागी उभे होते. थोड्या वेळाने ते एक पाय उचलायला लागले, मग दुसरा. एक म्हातारी मिठागरवाली म्हणाली, "सायेब, थांबून ऱ्हावू नका ओ. पाय हालवत ऱ्हावा. थांबला का मीठ चावतं."

"तुम्ही नाही का उभ्या राहत दिवसभर?" साहेब चिडून म्हणाले.

"आमी? आमी कवा थांबलो?" म्हातारी बाकीच्यांकडे वळली. "गो, आपण थांबतो का गो?"

बायका हसल्या. साहेबांच्या टाचा संध्याकाळी अशा फुटल्या होत्या की बूट घालता येईनात. ते बूट हातात घेऊन टांग्यात बसले. मोऱ्यांनी मला हळूच म्हटलं, "बाई, डॉक्टरला दाखवायला आता खूण आहे."

चांगुणा मात्र टवटवीत होऊन परत आली. इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेब चौकीत आले आणि त्यांनी टेबलावर रुमाल सोडला. आत पाटल्या. त्यांच्या नक्षीत मीठ भरलेलं.

"घरात मिठाच्या बरणीत निघाल्या," ते म्हणाले.

मी मनात म्हटलं, सुटली. पण कारखानीस उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "मिठात," ते म्हणाले. "बाई काय म्हणाली होती? मिठात. तिने लपवल्या तुमच्याच मिठात. पुढच्या फेरीला येऊन काढणार होती. आम्ही उगाच मिठागर खणलं. मेट्रनबाई, ऐकलंत ना तुम्ही? शब्द तिचाच आहे."

वकीलसाहेब काहीतरी बोलणार होते, पण ते थांबले आणि म्हणाले, "असू शकेल."

मी वकिलांचं तोंड पाहत होते. ज्या माणसाच्या पाटल्या परत मिळाल्या, त्याचा चेहरा असा नसतो.

आता चांगुणाची पंचाईत आधीपेक्षा वाईट झाली. झोपेसाठी फेकलेला शब्द खरा निघाला होता. मिठागरात राबणारी बाई, तिला खोटं बोलायलासुद्धा मिठाशिवाय दुसरी जागा कुठली सुचणार? पण ती मिठात म्हणाली, माल मिठात मिळाला. उद्या कोर्टात एवढंच दिसणार होतं. शिक्षा तर झालीच असती, वर नौपाड्यातलं एकही दार तिला पुन्हा उघडलं नसतं.

त्या दिवशी मी काम आटोपून वकिलांकडे गेले. वकिलीणबाई माझ्या ओळखीच्या, मी त्यांना वहिनी म्हणायची. ओटीवर कैऱ्यांचा ढीग होता. त्यांनी मला पाहिलं आणि विळी अधिकच जोरात चालवायला लागल्या. मी काही विचारलं नाही. दुसरी विळी ओढली आणि चिरायला बसले. माझ्या धंद्यातली ही एकच गोष्ट मला नीट येते. हात कामात असले की बाई बोलते. समोर उभं करून विचारलं की ती उत्तर देते, आणि ती निराळी गोष्ट.

ढीग थोडा उतरल्यावर वहिनी म्हणाल्या, "तिला मारलं का हो सुमतीबाई?"

"नाही."

त्यांनी सुस्कारा सोडला. "बरं झालं. मला भारी काळजी लागली होती. मग काय केलं?"

"उभं केलं."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्ही विळी सोडा आणि उभ्या राहा भिंतीशी. टेकू नका. मी आटोपते कैऱ्या."

"चला, थट्टा करता तुम्ही." पण त्या हसत हसत उठल्या. गंमत म्हणून उभ्या राहिल्या. पहिल्यांदा म्हणाल्या, फोडी बारीक करा. मग म्हणाल्या, जरा लवकर आटपा. मग त्यांनी भिंतीला हात लावला, मी म्हटलं, "टेकायचं नाही." त्यांनी घाम पुसला. "पाणी तरी घेऊ का?" मी म्हटलं, "नंतर बघू." त्या हसल्या नाहीत. मी माझ्या नेहमीच्या वेगाने चिरत होते, मुद्दाम हळू नव्हे. अर्धा ढीग बाकी असताना त्या धपकन खाली बसल्या.

"आणि झोपताना?" त्यांनी विचारलं.

"झोपायचं नव्हतं."

वहिनींनी एक कैरीची फोड उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मग बोलल्या. कैऱ्या चिरताना चीक लागू नये म्हणून पाटल्या त्यांनीच काढल्या होत्या, आणि ओटीवर एक जुनं फडकं होतं त्याच्या घडीत सारल्या होत्या. तेवढ्यात चांगुणा आली. "कुटं ओतू?" तिने विचारलं, आणि वहिनींनी वर न बघता सांगितलं, "त्या फडक्यावर ओत." संध्याकाळी त्यांनीच फडक्याची चारी टोकं धरून मीठ बरणीत उपडं केलं. पाटल्या बरणीतून निघाल्या त्याच क्षणी त्यांना सगळं आठवलं. त्यांनी यजमानांना सांगितलंही.

"मग?"

"ते म्हणाले, आता बोलू नकोस. मी तक्रार दिली आहे, उद्या बाररूममध्ये तोंड कसं दाखवू? आणि चांगुणाला तरी काय, थोडे दिवस जातील."

मी उरलेल्या कैऱ्या चिरल्या, हात धुतले आणि म्हटलं, "उद्या अकराला कोर्ट आहे." आणखी काही बोलले नाही. बोलले असते तर ती माझी चौकशी झाली असती.

कोर्टात मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर कामांचा ढीग होता. आरोपी आणला की ते एक प्रश्न विचारत, वर न बघता. "पोलिसांनी मारहाण केली का?"

"नाय," चांगुणा म्हणाली.

त्यांनी ते लिहून घेतलं. मग कारखानीसांनी सगळं व्यवस्थित सांगितलं. आरोपीने मिठात म्हटलं, माल मिठात मिळाला. साहेबांची इस्त्री कडक होती, पायांत मात्र चपला होत्या.

"तू मिठात ठेवल्या म्हणून सांगितलंस?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"हो, सायेब."

"का सांगितलंस?"

"झोप येत व्हती."

मागच्या बाकांवर हशा झाला. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं, तिच्याकडे, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. "मेट्रन तुम्हीच ना? काय केलं होतं हिला?"

मी सांगितलं. उभं केलं, बसू दिलं नाही, टेकू दिलं नाही, डोळा लागला की रूळ आपटला. कारखानीस माझ्याकडे पाहत होते आणि माझी नोकरी त्या नजरेत मला स्पष्ट दिसत होती. घरी दमेकरी नवरा. पण विचारलं होतं, आणि उत्तर मला ठाऊक होतं.

"साहेब, हात लावलेला नाही," कारखानीस म्हणाले.

"हे खरं?"

"खरं आहे," मी म्हटलं. "हात नाही लावला."

"मग तुम्ही याला छळ म्हणाल का?"

"मी म्हणून काय होणार, साहेब? आपण आरोपीला मारहाण झाली का तेवढंच विचारता. ती नाही म्हणते, आणि ते खरंच असतं. दुसरं तिला कुणी विचारतच नाही."

कोर्टात असं बोलायचं नसतं, हे मला बोलून झाल्यावर कळलं. मॅजिस्ट्रेटनी टाक खाली ठेवला. मग चांगुणाला म्हणाले, "बाई, तुला बसू दिलं का?"

"नाय."

"झोपू दिलं का?"

"मिठागरावं झोपले, सायेब. राशीच्या सावलीत. झ्याक झोप लागली."

तेवढ्यात मागच्या बाजूला हालचाल झाली. वकिलीणबाई उठून पुढे येत होत्या. वकीलसाहेब आपल्या काळ्या कोटासह दारापाशी उभे होते आणि जमिनीकडे पाहत होते. पण त्यांनी बाईंना अडवलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते. वहिनींचा आवाज चिरका निघाला, पण शब्द नीट होते. "मीच म्हटलं तिला, त्या फडक्यावर ओत. बरणीत मीच भरल्या."

चांगुणा त्यांच्याकडे वळली. "मंग त्या दिवशीच कनाला नाय सांगितला, बाय?"

वहिनी मागे वळल्या आणि आपल्या बाकावर जाऊन बसल्या.

तिथल्या तिथे सुटका झाली. परत येताना कारखानीस माझ्या पुढे चालत होते, लंगडत. नाक्यापाशी थांबले.

"मेट्रनबाई, हे मला आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं साहेब. बसू द्या म्हटलं होतं."

ते थोडं चालले. "तरी मी त्याला छळ म्हणणार नाही. गैरसोय म्हणेन."

"बरं," मी म्हटलं. "मग गैरसोय बंद करा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की उद्यापासून येऊ नका हे शब्द येणार, अशी माझी खात्री झाली. ते म्हणाले, "तुमचं तोंड फार चालतं." एवढंच. भला माणूस होता. भल्या माणसाला आपण करतो ते वाईट आहे हे पटायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, कारण वाईट माणसाला ते आधीच ठाऊक असतं.

चांगुणा वकिलांच्या दारी पुन्हा गेली नाही. वहिनी वाण्याकडचं मीठ आणू लागल्या आणि लोणचं नासतं म्हणून माझ्याकडे कुरकुरायच्या. मी मध्यस्थी केली नाही. माझ्या दारी मात्र ती यायची, पाटी उतरवायची आणि मी सांगायच्या आधी उंबऱ्यावर बसायची. एकदा मी तिला विचारलं, "चांगुणा, तिथे सगळ्यांत वाईट काय होतं गं?" मला वाटलं, पाय म्हणेल. ती म्हणाली, "तो टेबल वाजवायचा ना, मंग माना वाटायचं, घरी माझी पोरं दार वाजवतात. दर बारीला तसंच वाटायचं."

मला हे कधी सुचलं नसतं. कारखानीसांनाही नाही.

मला राहून राहून आठवतात त्या चांगुणाच्या आधीच्या बायका. त्या भिंतीपासून हातभर पुढे किती जणी उभ्या राहिल्या आणि काय काय कबूल करून गेल्या. त्यांच्यासाठी कुणाच्या बरण्या कुणी उघडल्या नाहीत. त्या सगळ्या कबुल्या खोट्या होत्या असं मी म्हणत नाही. खऱ्या होत्या असंही आता म्हणवत नाही.

त्या खटल्यानंतर थोड्याच दिवसांत कारखानीसांनी चौकशीच्या खोलीत एक बाक आणून ठेवला. कुणी हुकूम केला नव्हता, त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. मोरे कुरकुरले, "आता आरोपी झोपतात आणि आम्ही जागे." पण आरोपी बसू लागले. कबुल्या कमी झाल्या हेही खरं. चोऱ्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या.

मग कारखानीसांची कल्याणला बदली झाली. त्यांच्या जागी आलेले फौजदार तरुण होते, हुशार होते, त्यांच्याही चौकीत आरोपीला हात लागत नसे. पहिल्याच दिवशी त्यांनी तो बाक बाहेर व्हरांड्यात काढायला लावला. भेटायला येणाऱ्या प्रतिष्ठित मंडळींना बसायला काही नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले आणि झाडणाऱ्या बाईला हाताशी धरून बाक आत ओढला. संध्याकाळी तो बाहेर होता. सकाळी मी पुन्हा आत ओढला. फौजदारांनी एकदा विचारलं, हे कोण करतं, आणि मोरे म्हणाले, "साहेब, तो बाक आत ठेवायची इथे पद्धतच आहे, कारखानीससाहेबांपासूनची." पद्धत म्हटल्यावर सरकारी माणूस पुढे काही विचारत नाही.

मी नोकरी सोडेपर्यंत बाक आत होता. नंतर कोण ओढतं, मला ठाऊक नाही.